दाराची फट

जॅकवर घेतली की दार लागत नाही.
एवढंच म्हणाला इद्वल, टोपी हातात धरून,
डॉक्टरपुढं दुसऱ्याचंच दुखणं सांगावं तसं.

नेरिसनं दार उघडलं, लावलं. उघडलं, लावलं.
वरच्या कोपऱ्यात फट करंगळीएवढी,
खाली नखही शिरेना.
दोन माणसांची, बिनछपराची गाडी,
एकतीस वर्षांची, कधीकाळी लाल असावी.
छप्पर नाही म्हणजे वरून धरून ठेवायला कोणी नाही.
सगळा ताण दोन उंबऱ्यांवर,
आणि उंबऱ्यांत वेल्सचे एकतीस हिवाळे
आणि रस्त्यावर शिंपडलेलं मीठ.

पट्ट्या घालू, ती म्हणाली.
पोटाखालून लांबीभर दोन, मधे एक फुली,
बॉनेटखाली एक दांडी, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत.
पण आधी गंज कापायचा.

त्यानं ऐकलं होतं, उंबऱ्यांत म्हणे फोम भरतात,
फुगतो आणि दगड होतो.
"भरतात की. त्याच्याबरोबर पाणीही कोंडून ठेवतात.
वरून टणक, आत भुगा.
माझा बाप तसाच गेला. खाणीत होता."
आणि तिनं ग्राइंडर चालू केला,
म्हणजे यावर बोलायचं नव्हतं.

तीन आठवडे गाडी तिच्याकडे राहिली.
ब्लायनाईत तेव्हा पाऊस होता, म्हणजे नेहमीसारखंच;
शेडमागे पाटीच्या दगडाचे डोंगर,
माणसांनी फोडून टाकलेले, ओले, निळे-काळे.
इद्वल रोज चारला यायचा. उभा राहायचा.
एकदा विचारलं, अजून पट्टी का नाही लावली?

ती गाडीखालून बोलली, नुसते बूट दिसत होते तिचे:
"वाकलेली असताना पट्टी मारली
तर वाकच पक्का होतो.
आधी चारी चाकांवर उभी करायची,
दारं लावायची, फटी मोजायच्या, सरळ आहे ना बघायचं.
ताठ करणं सोपं आहे हो.
मोडेन पण वाकणार नाही म्हणणारी किती पाहिली मी या गावात.
वाकडीच ताठ झालेली."

तो काही बोलला नाही.
त्याचा मुलगा कार्डिफला असतो. नऊ वर्षं.

वेल्डिंग झालं. रंग नाही, नुसता राखाडी प्रायमर.
जॅक लावला, उचलली,
नेरिसनं एका बोटानं दार ढकललं.
टक्.
पुन्हा इद्वलनं ढकललं. टक्.
म्हातारा पाच-सहा वेळा तेच करत राहिला.

मग खिंडीच्या रस्त्यानं जाऊन आला एकटाच,
टप उघडा, कानटोपी घालून.
खड्ड्यांतून गेली, डॅशबोर्ड कुरकुरला नाही.
आरसा, जो कायम थरथरायचा,
ज्यात मागचं जग म्हणजे नुसता एक हिरवट गोंधळ असायचा,
तो स्थिर. मागचा रस्ता त्यात स्वच्छ,
वळण, मेंढ्या, भिंत, सगळं.
त्याला ते फारसं आवडलं नाही.
म्हणजे गाडी उत्तम चालते, तो परत येऊन म्हणाला,
रुळावर असल्यासारखी.

पैसे मोजताना तिनं खणातून एक कागद काढला,
आठ घड्या घातलेला, कडेनं काळा झालेला.
"डाव्या दाराच्या फटीत होता."

मैरवेननं घातलेला. दार खडखडायचं,
तिला सहन व्हायचं नाही. वाणसामानाची यादी होती ती.
त्यानं उलगडला नाही.
दारापाशी गेला, फटीत बसवून पाहिला.
बसेना. घडी जाड, फट बारीक.
कागद हातात घेऊन तो जरा वेळ तिथंच,
कुठं ठेवावा कळत नसल्यासारखा.

मग म्हणाला, "तुझं हे टेबल हलतं."

हलतंच. खाण बंद पडली तेव्हा लिलावात घेतलेलं,
तेव्हापासून हलतंय.
नेरिस वाकली, पाय उचलला,
कागद खाली सारला.
दोघांनी तळहात टेकवून पाहिलं.
अजून हलत होतं,
पण कमी.