खिडकी नंबर तीन

निपाणीच्या दवाखान्यात माझं काम केसपेपर काढायचं, एवढंच.
पण डॉक्टर दावणगेरेचे,
पेशंट गळतग्याचे, बोरगावचे, बेडकिहाळचे,
आणि रिपोर्ट इंग्रजीत.
म्हणून सगळे शब्द माझ्या खिडकीतून जातात,
नाक्यावर माल उतरवून पुन्हा भरावा तसे.

हायपरटेन्शनला टेन्शन लागत नाही, अण्णा.
पोरगं पुण्याला गेलं, त्याच्यावर ढकलू नका.
पाइपात पाणी जोरात आलं की सांधे गळतात ना,
तसं रगात.
मीठ कमी करा.
होय, लोणचंपण.

ॲक्यूट म्हणजे काल रात्री आलेला पाहुणा.
क्रॉनिक म्हणजे भाडं न देता राहिलेला.
तो आता निघत नाही,
त्याची भांडी कुठं ठेवायची तेवढं ठरवायचं.

सीओपीडीला मला शब्द सापडत नव्हता.
वखारीत तीस वर्षं तंबाखू चाळलेली लगमव्वा
दोन वाक्यांत तीनदा थांबून म्हणाली,
"भाता फाटलाय… म्हण की… बाई."
मी तेच कन्नडात डॉक्टरांना सांगितलं.
त्यांचं पेन थांबलं.

आणि निगेटिव्ह!
तो ऐकून भरमाची बायको स्टँडपर्यंत रडत गेली.
मी अनवाणी पळाले मागनं.
"अवो, निगेटिव्ह म्हणजे नाही! टीबी नाही त्यास्नी!"
तोवर चिकोडीची गाडी सुटली.
पुढची तासानं.
दोघींनी बाकड्यावर बसून भडंग खाल्लं,
ती मधेच हसायची, मधेच नाक पुसायची.

परवा एक नवीन शब्द आला. इडिओपॅथिक.
तवनाप्पा मामांची बोटं बधिर झालीत,
शर्टाची बटणं सून लावते,
त्या कागदावर.
आत जाऊन विचारलं, "सर, ह्याला काय सांगू?"
डॉक्टर चष्मा पुसत राहिले.
मग हळूच म्हणाले, "गोत्तिल्ला."

एवढं कन्नड इथं कुत्र्यामांजरालाही कळतं.

"मामा, कशानं झालंय ते
त्यांना ठाऊक नाही."

मामांनी माझ्याकडं बघितलं, मग आतल्या दाराकडं.
"मग तसं लिवायचं की.
बिचाऱ्यानं एवढा मोठा शब्द
एकट्यानं कशाला उचलला?"

कागदाची घडी घालायला त्यांना बराच वेळ लागला.
रांग थांबली होती.
मी पुढचा नंबर पुकारला नाही.