दीड हात

ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यातल्या खोलीत
माझं टेबल, लोखंडी कपाट, राऊटर,
आणि बिनतारेचा कीबोर्ड-माऊस,
जोडीने, आर्णीच्या बाजारातून, साडेसहाशेला.
वायर उंदरं खातात म्हणून घेतलेला.

पहिले दहा दिवस बरे गेले.
मग अक्षरं गळायला लागली.
मी 'शेवंता' मारावं, पडद्यावर 'शेंता'.
बाण अर्जाच्या मधोमध उभा राही
गाळात रुतलेल्या बंडीसारखा,
आणि एकदम उसळून जाई
'रद्द करा'वर.

सेल बदलले.
राऊटर बंद करून पाहिला, थोडं बरं वाटलं,
पण राऊटर बंद म्हणजे खोलीच बंद.
शेजारच्या वेल्डिंगवाल्या फारुखशी दोनदा भांडून आले.
तो म्हणाला, "रॉड सरले माहे सोमवारीच,
मी तं बसूनच हाओ."
सरपंचबाई म्हणाल्या, कपाट सरकवून पाय.
सरकवलं. मागे जुन्या जनगणनेची पिशवी सापडली,
एक मेलेली पाल,
'व' नाही सापडला.

शेवंताबाई कुमरेला वाचता येत नाही.
तिने कागद हातात घेतला,
नावावरून अंगठा फिरवला, थांबली.
"हे माहं नाव नाई व पोरी.
माहं लांब रायते."

त्या रात्री मी घरी गेलेच नाही लवकर.
अकराव्या दिवशी काय आलं होतं?
तालुक्याहून एक हार्ड डिस्क,
जुने फेरफार साठवायला, निळ्या तोंडाची.
काढली. बाण मासोळीसारखा सुळकन.
लावली. बंडी गाळात.
काढली, लावली, सात वेळा,
खोटं वाटू नये म्हणून आठव्यांदा.

नखाएवढा रिसीव्हर
तिच्या शेजारच्याच भोकात बसलेला.
थ्रेशरला खेटून उभ्या माणसाला
पल्याडच्या धुऱ्यावरून कोणी हाक मारावी,
तसं चाललं होतं बिचाऱ्याचं.
डिस्कच्या मनात काही वाईट नव्हतं.
काम करताना तिच्या अंगातून कलकलाट निघतो,
आपल्याला ऐकू येत नाही
इतकंच.

खणातून एक जुनी जोडवायर काढली.
रिसीव्हर दीड हात लांब नेला,
टेबलाच्या काठावर, बियाण्याच्या रिकाम्या डब्याला
रबराने बांधून.
राऊटरलाही दुसऱ्या चॅनेलवर बसवलं,
गर्दीच्या पंगतीतून एखाद्याला उठवून
ओट्यावर पान वाढावं तसं.
बिनतारेचं नीट चालावं म्हणून
शेवटी एक तार.
फारुख हसला, मग म्हणाला,
"माह्यावर आळ घेतला होता नं? चहा पाज."

मंगळवारी शेवंताबाई परत आली.
मी हळूच मारलं, एकेक,
पडद्याकडे न बघता.
तिने अंगठा ठेवला, सरकवला, शेवटाला टेकवला.
"हं. आता पुरलं."

पाजला चहा.
वायरीला उंदरांनी
अजून तोंड लावलेलं नाही.