नंबर

एर्देनेतला, तांब्याच्या खाणीवर,
वजनकाट्याच्या खोलीत रात्रपाळीला एकटा नेरगुई.
बाहेर उणे बत्तीस. काचेवर आतूनही बर्फाची जाळी,
टेबलावर थर्मास, आणि खाणीच्या संगणकाला खेटून
त्याचा स्वतःचा लॅपटॉप,
बिजागरी चिकटपट्टीनं धरलेला.

दोन ट्रकांच्या मधल्या वेळात त्यानं हे बनवलं.
दिसायला काही नाही. काळी चौकट, लुकलुकती रेघ.
संघाचं नाव टाका, एंटर मारा :
जगात कितवा, गुण किती,
मागच्या सोमवारपेक्षा वर की खाली.
कोपनहेगनचे, साओ पावलोचे, शांघायचे
पाच-पाच पोरांचे संघ,
हेडफोन लावून दिवसाला शंभरदा मरणारे,
या एवढ्याशा चौकटीतून ओ देतात
हजेरीला उभे राहिल्यासारखे.

लिमाहून कुणी लिहितं : अमक्या नावात एक टिंब चुकलंय.
हा टिंब दुरुस्त करतो.
आभाराला उत्तर द्यायचं राहून जातं,
तोवर काट्यावर ट्रक आलेला असतो.

तारखेची सोय मात्र त्यानं स्वतःसाठी केली.
नावापुढे जुना दिवस लिहिला
की त्या सोमवारची यादी उघडते.
तो एकच सोमवार उघडतो.
खारा चहा. एकशे सत्त्याऐंशी. सहा जागा वर.

त्या खाऱ्या चहातला लुव्सान आता सीमेपर्यंत कोळसा नेतो.
खिशिग्तला जुळ्या मुली झाल्या.
दवासांबू कोरियाला, आन्सानच्या कुठल्याशा कारखान्यात
गाड्यांच्या दारांना रबर बसवतो.
पाचव्याचं नाव नेरगुई घेत नाही,
पैशांचं काहीतरी होतं.

पुढच्या सोमवारी एकशे एक्क्याण्णव.
त्याच्या पुढच्या : असा संघ सापडला नाही.
हे वाक्य त्याचंच.
आधी त्यानं लिहिलं होतं, असा संघ नाही.
मग एका पहाटे अंथरुणातून उठून
मध्ये एक शब्द घातला.

आज आई आली, दुल्मा, बसचा पास संपायच्या आत वापरायचा म्हणून,
मटणाचे बूझ टॉवेलात गुंडाळून.
तीस वर्षं गालिच्याच्या कारखान्यात काढलेली बाई,
पडद्याकडेही वीण तपासावी तशी बघते.
यात तू कुठंयस?
माणसं नसतात यात, संघ असतात.
मग तुझा संघ बघ.
त्यानं टाकलं. सापडला नाही.

आई हसली. इतकी, की चष्मा काढावा लागला.
आधीची दोन गेल्यावर तिसऱ्याचं नाव तिनं ठेवलं नेरगुई,
म्हणजे बिननावाचा. शोधत येणाऱ्याला
हाक मारायला काही मिळू नये.
(आपण दगडू ठेवतो, धोंडू ठेवतो, ते भय हेच.)
अजून चालतंय म्हणाली, बघ.

त्याला राग आला.
तारीख टाकून त्यानं पडदा तिच्याकडे वळवला
आणि पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाला,
एकशे सत्त्याऐंशी.
कितींमधून?
साऱ्या जगातून.
आईनं ओठ हलवत काहीतरी मोजलं.
एवढ्या गाठी, म्हणाली, तळहाताएवढ्या तुकड्यात बसतात.
पण उलटा करून बघितल्याशिवाय
एकही दिसत नाही.
हे बरं की वाईट, ते नाही बोलली.

मग टॉवेल घडी करता करता :
दवासांबूचा नंबर आहे का रे?
बोटं आपोआप चालली. द, व, एंटर.
सापडला नाही.
अरे फोनचा, आई म्हणाली.

तेवढ्यात ट्रक चढला, खोली हलली, थर्मासचं झाकण वाजलं.
आत जाताना रिकामा तोलला होता,
आता भरलेला. मधला फरक तेवढा मालाचा.
नेरगुईनं आकडा लिहिला, खिडकीतून चिठ्ठी दिली,
आणि हातमोजा दातांनी काढत
खिशातला फोन शोधू लागला.
आन्सानला एक तास पुढं.
पाळी सुरू व्हायच्या आत लागला तर लागेल.