देश : शून्य शून्य

नवीन फर्मवेअर चढवलं रात्री पावणेबाराला.
'जुन्या सेटिंग्ज ठेवायच्या का?' असं त्यानं विचारलं होतं.
मी खूण काढून टाकली. म्हटलं, नव्यानं मांडू,
सेवानिवृत्त माणसाला मांडायला असं कितीसं उरतं.

दिवा तीनदा लुकलुकला, थांबला,
आणि राउटर उठला तो घसा बसलेला :
पाच गिगाहर्ट्झचा रेडिओ चालू, पण आवाज नाही.
ऐंशीची रुंदी मागितली, गप्प.
चाळीस मागितली, गप्प.
केतकी लॅपटॉप उघडून बसलेली,
कॅनडातल्या कुणा दंतवैद्याचे हिशेब तिच्या माथी.
"बाबा, अजून किती वेळ?"
"पाच मिनिटं."
कारखान्यातही मी हेच म्हणायचो.

लॉग उघडला. ओळीमागून ओळी,
आणि त्यांत ही एक, साधीशी :
देश, शून्य शून्य.
म्हणजे जग.
अपग्रेडच्या गडबडीत हा विसरला होता
आपण राहतो कुठे.
आणि जो अख्ख्या जगाचा, त्याला नियम अख्ख्या जगाचे :
आधी ऐकायचं,
दुसरं कुणी बोललं तरच तोंड उघडायचं,
तेही खालच्या पट्टीत.

मला हसू आलं.
दांडिया बाजारात जन्मलो, शाळेत पोरं 'दक्षिणी' म्हणायची.
पुण्याला मावशीकडे 'अगाशीत झोपतो' म्हणालो
तर मावसभाऊ पोट धरधरून हसले.
उरलेली सुट्टी मीही अशीच काढली,
कान उघडे, तोंड बंद.

देशांची यादी खाली खाली सरकवत गेलो.
तीत बडोदं नव्हतं, गुजरात नव्हता, महाराष्ट्र नव्हता.
आइसलँड आणि इंडोनेशियाच्या मधोमध सापडला भारत.
निवडला. सेव्ह केलं.
छत्तिसाव्या चॅनलवर त्याला कंठ फुटला,
ऐंशीच्या ऐंशी.

पण केतकीच्या खोलीची भिंत त्याला दाद देत नाही.
तिथे पोचतो तो फक्त जुना, टू पॉइंट फोर.
त्याला चाळीस लिहून दिले तरी तो वीसच घेई.
दोनदा लिहिले. दोनदा वीस.
स्कॅन लावला :
कनुभाई टेलर. जय रणछोड. शिर्के वरचा मजला.
पासवर्ड मागू नका. हसुमती २०१६.
एकवीस घरं तीन चॅनलांत,
लग्नाच्या पंगतीत गुडघ्याला गुडघा लागावा तशी.
आणि आमच्या या शहाण्यानं
दाटी बघून आपली मांडी आखडून घेतलेली,
नवीन आवृत्तीत त्याला कुणीतरी वळण लावलेलं.

त्यावरही एक ओळ असते,
'शेजारी बघू नकोस' अशा अर्थाची.
लिहिली. लगेच चाळीस.
केतकी खोलीत गेली, "वा, बाबा!" म्हणाली, दार लावलं.

पाचच मिनिटं झाली असतील.
भिंतीपलीकडून हसुमतीबेन :
"हॅलो? हॅलो? तूटे छे, बेटा, तूटे छे."
मुलगा लुसाकाला असतो, दुकान बंद करून फोन लावतो.

आता, माझ्यामुळेच तुटतंय असं काही सिद्ध होत नाही.
एका रीडिंगवर निष्कर्ष काढू नये
हे मी तीस वर्षं ज्युनियरांना ओरडून सांगितलं.
तिकडची लाइन खराब असेल,
राउटर तिचा दोन हजार सोळाचा, त्याचंही काही असेल.
"हॅलो? देखातो नथी तू."

ओळ पुसली. वीस.

कान लावायची गरज पडली नाही,
हसुमतीबेनचा आवाज तसाही पोचतो :
भेंडीचा भाव, गुडघ्याचं इंजेक्शन,
कुणाच्या तरी मुलीचं मोडलेलं लग्न, सविस्तर.

"बाबा, परत हळू झालं."
"हो. ये, इथेच बस, चहा टाकतो.
उद्या केबल ओढू तुझ्या खोलीपर्यंत."
"भिंतीला भोक पाडावं लागेल."
"पाडू. भिंत आपलीच आहे."