हातचा एक

तळ्याच्या तळाचा गाळ, नऊ हजार वर्षांचा,
शीतपेटीत आडवा ठेवलाय
लांबलचक काळ्या पावासारखा.
त्यातली बोटभर वर्षं कापायची,
आम्लात उकळायची,
काचेवर थेंब ठेवायचा
आणि परागकण मोजायचे. एका काचेवर पाचशे.
टार्टूत, दुसऱ्या मजल्यावर, एवढंच माझं काम.
उजवा डोळा नळीला, डावा हात मोजयंत्रावर:
टक् पाइन, टक् बर्च, टक् बर्च, टक् आल्डर.

साडेतीनशेपर्यंत मी शहाणी असते.
मग सगळ्यांनाच पाइनचे दोन फुगे फुटायला लागतात,
बर्चची तीन भोकं चार होतात,
आणि डोक्यात कुणीतरी
ओला लोकरी मोजा पिळत बसतं.
पाणी काही निघत नाही.

कॉफी घेतली. पाचवी. सहावी.
कॉफीने डोळे उघडे ठेवले,
बघणारी केव्हाच झोपली होती.

त्या रात्री मी राय लिहून ठेवली.
सात कण. सुवाच्य अक्षरात.
सहा हजार वर्षांपूर्वीच्या थरात,
नांगर सोडा, जिथे काठीनेही
कुणी माती उकरली नव्हती,
तिथे माझ्या थकव्याने शेत पेरलं.
कायडोंनी काच पुन्हा पाहिली.
ओरडले नाहीत. म्हणाले,
"पीक बरं आलंय, हेल्वे.
कापायला कोण जाणार?"

तळघरात एंडेल असतो. अडतीस वर्षं काचा धुतोय.
काय झालं ते त्याने विचारलं नाही.
जाड हातमोजे दिले,
अंगणातला सरपणाचा ढीग दाखवला:
"तिकडून इकडे. भिंतीशी."
मी ओंडके उचलले. एक. दोन.
सवयीने, टक् बर्च, टक् बर्च.
"मोजू नकोस," तो म्हणाला. "ने नुसतं."
न मोजणं कुठे जमतंय!
सतराव्याला ठेच लागली बर्फाखालच्या कशाला तरी,
आकडा हातून सुटला,
आणि मी तो उचलायला वाकले नाही.

सालीचा वास आला.
बर्चला वास असतो!
नदीवरचं बर्फ करकरत होतं,
पुलापलीकडे कुणी म्हातारा कुत्र्याला हाका मारत होता,
कुत्रं येत नव्हतं,
आणि माझे डोळे तिथवर गेले,
वीतभर अंतराच्या पलीकडे,
कितीतरी दिवसांनी.

एंडेल शिकवत वगैरे नाही.
काचा पुसता पुसता आईचं सांगतो:
ती मोजे विणायची, पण ओळ पुरी करून
कधी उठायची नाही.
अर्ध्यात सुया खोचायची, चुलीकडे जायची.
"सकाळी हात आपापला तिथे पोचायचा.
पुरी केलेली ओळ कुणाला बोलावते?"

आता मी चारशेच्या आत थांबते.
अंगात जीव असताना. तेच जड जातं,
अजून शंभर सहज होतील असं वाटत असताना
खुर्ची मागे ढकलणं.
फुलीच्या रेषेखाली एक कण तसाच सोडते,
ओळखलेला, न मोजलेला,
बेरजेत हातचा ठेवतात तसा.
बाहेर जाते. बटाटे सोलते.
कधी नुसती पायऱ्यांवर बसून
बुटांच्या नाड्या सोडते, पुन्हा बांधते.

गेल्या गुरुवारी मात्र नाही थांबले.
नऊ वाजले. साडेनऊ. चारशे ऐंशी झाले होते,
कोण उठेल?
खालून एंडेलने आमच्या मजल्याचा फ्यूज काढला.
बसून राहिले काळोखात.
कण तरंगत होते डोळ्यांपुढे, पिवळट,
एकेक विझेपर्यंत.
मग चाचपडत जिना उतरले.
अंगणात पाहते तर भिंतीशी रचलेलं सरपण
कुणीतरी सगळंच्या सगळं
परत तिकडे नेऊन ठेवलं होतं.