अकरा मिनिटं

नांदेडला आमच्याकडे चाळीस मशीन, जुनी,
कुठल्या कुठल्या कार्यालयांनी निकालात काढलेली.
परभणीत अर्शिया इनामदारकडे बावीस,
नवी, पण दुपारी एक ते चार वीज नाही.
आमची जाते सकाळी.
म्हणजे गणित सोपं होतं:
तिच्या अंधारात माझा उजेड वापरायचा,
माझ्या अंधारात तिचा.
"इर्जिक म्हणा की," विभागप्रमुख म्हणाले,
आणि कप तिथंच ठेवून निघून गेले.

इर्जिक असतं तर बरं होतं.
इर्जिकीला आलेला बैल
मानेवरच्या घट्ट्यावरून ओळखू येतो, कुणाच्या दावणीचा.
इथं कुणाचं तोंडच दिसत नाही.
तिची यंत्रं कामाला जॉब म्हणतात, माझी टास्क.
तिची रांग लहान कामापासून, माझी आधी आलेल्यापासून,
आणि दोन्ही दारांत एकच सवाल:
तू कोण, तुला जामीन कोण?

तेव्हा किल्ल्यांची देवाणघेवाण झाली.
चारचौघांत दाखवायची ती एकमेकींना दिली,
दुसरी आपापल्या घरात ठेवली.
फोनवर आकडे ताडून पाहिले,
मोंढ्यात पट्टी वाचतात तसे, थांबत थांबत.
"सात, एफ, शून्य, बी."
"बी का डी?"
"बी. बोरीतला बी."

ठरलं असं की प्रत्येक कामासोबत एक ताजी चिठ्ठी,
सहीची, दहा मिनिटं चालणारी.
आणि तीन रात्री नुसतं
चिठ्ठी अमान्य
चिठ्ठी अमान्य

चौथ्या रात्री ती फोनवर, मागं कुकरच्या शिट्ट्या,
मी नोंदी वाचत होते.
दोनशे अकराव्या ओळीत माझं मशीन म्हणत होतं,
परभणीची ही चिठ्ठी
अजून लिहिलीच गेलेली नाही.
"तुझ्याकडं आत्ता किती वाजले?"
तिनं सांगितलं.
मी भिंतीकडं पाहिलं, मोबाईलकडं पाहिलं.
तिची चिठ्ठी माझ्याकडं जन्मायच्या आधी पोचत होती,
माझी तिच्याकडं पोचेपर्यंत शिळी.

तिच्या मुख्य मशीनचा बटणाएवढा सेल मेलेला.
वीज गेली की ते वेळ विसरतं.
रोज चारला वैजनाथ येऊन वेळ भरतो,
मनगटावर बघून.
आणि वैजनाथचं घड्याळ अकरा मिनिटं पुढं,
मुद्दाम. संध्याकाळची पूर्णेची गाडी
एकदा चुकली होती, बायको दवाखान्यात होती तेव्हा.
तेव्हापासून.
"येवढ्यावरून अडलं व्हय?" तो म्हणाला,
"मंग काटा मागं घेऊ का माझा?"
अर्शिया म्हणाली, नको.
मशीनला आता बाहेरून वेळ येईल.
तुमची तुमच्याकडं राहू द्या.

दुसऱ्या दिवशी बारा पन्नासला
माझ्या खोलीतले पंखे एकदम चढले.
ज्वारीच्या कणसांचे साडेसहा हजार फोटो,
दाणे मोजायचे.
रॅकमागची पाल आणखी आत सरकली, उबेला.
मुबीन दारात: "मॅडम, माझ्या पुलाचं काम कोण अडवायलंय?"
"परभणी."
"त्यांना आमचंच मशीन सापडलं का?"
मी म्हटलं, उद्या सकाळी वीज गेल्यावर विचार.

एकला तिकडं सगळं बंद पडलं.
इकडं दाणे मोजणं चालू.
चारपर्यंत निकाल माझ्या उंबऱ्यात बसून होते,
ती उठायची वाट बघत. मग एकेक करून गेले.
मुबीनचा पूल सहाच मिनिटं थांबला होता,
तरी तो दिवसभर फुगून.

रात्री अर्शियाचा निरोप आला:
सगळे फोटो पोचले, दोन फाटके निघाले, ते आमचेच.
वैजनाथ वेळेच्या आधी स्टेशनवर.
गाडी चाळीस मिनिटं लेट.