सोमवारच्या सहा गोळ्या

नऊ वर्षं, दर सोमवारी रात्री
सहा पिवळ्या गोळ्या, मसुराएवढ्या.
मंगळवार मग मळमळीचा.
कोर्मेच्या धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक:
मंगळवारी ओब्दुलियाला मासळीचा वास सोसत नाही,
मंगळवारी तिच्याशी हुज्जत घालू नये.

आता डॉक्टरीणबाई म्हणतात, बंद करू.
कोरुन्याच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर,
माझं एकेक पेर दाबून पाहिलं त्यांनी,
बाजारात अंजीर पाहावं तसं.
"दोन वर्षं सूज नाही. पण यकृताचे आकडे
तिसऱ्यांदा चढलेत.
थांबवू. तीन महिने पाहू.
निर्णय मात्र तुमचा."
माझा!
मला वाटायचं, शिकलेली माणसं हुकूम देतात.
परत आलं तर? मी विचारलं.
येऊ शकतं, म्हणाल्या, तेव्हा दुसरं औषध आहे.
खोटं बोलल्या नाहीत, याचाच राग आला.

बसमध्ये दीड तास
दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसले,
कुणाची तरी वस्तू सांभाळायला दिल्यासारखे.

मी जाळी सांधते.
आई सांगायची, निरगाठ मार, सूरगाठ नको,
सूरगाठ समुद्र एका रात्रीत सोडवतो.
आणि सांधणारीचेच सांधे आखडले
तो हिवाळा:
कॉफीच्या भांड्याचा आटा फिरेना.
ब्लाउजची बटणं फाउस्तिनो लावायचा
जाड बोटांनी, एक काजं चुकवून,
आणि मी दिवसभर तशीच, तिरपी.
आईची लाकडी सुई हातातून पडली
की बाकीच्या बायका दुसरीकडे पाहायच्या.
ते दुसरीकडे पाहणं अजून दुखतं.

नणंद म्हणते, विष ते, ओत मोरीत.
विषानंच माझी मूठ उघडली, हे तिला कोण सांगणार.
मुलगी झुरिकहून, घाईत: आई, आणखी कुणाला तरी विचार.
पुतण्याच्या लग्नात सगळ्यांचे पेले भरले, माझा उपडा;
तो म्हणतो, काकू, आता एक घोट तरी घेशील.
फाउस्तिनो काहीच म्हणत नाही.
काल पाहिलं,
खुंटीवरच्या माझ्या ब्लाउजची बटणं
एकटाच लावत होता, काढत होता.
मला बघून म्हणाला, धूळ झटकतोय.

हातचं सोडून पळत्यामागे लागू नये म्हणतात.
पण हातचं म्हणजे नेमकं काय?
हे हात?
की ते यकृत, जे कधी कुणाच्या हाती लागत नाही,
आत अंधारात बसून
नऊ वर्षं माझ्या बोटांची उधारी फेडतंय?

सोमवारी रात्री डबी उघडली.
सहा मोजल्या.
परत आत ठेवल्या.
फेकल्या नाहीत, एवढी शूर मी नाही.

पलंगाच्या दांडीला सुतळीचा तुकडा बांधलाय.
उठल्या उठल्या, दिवा न लावता,
कॉफीच्या आधी, एक निरगाठ.
तीन महिन्यांनी हीच नेईन डॉक्टरीणबाईंकडे:
वाचा, म्हणेन, मला लिहिता येतं ते इतकंच.
आणि सैल पडली एखादी, तर तीन महिने कशाला,
त्याच दिवशी फोन.

पहिल्या मंगळवारी मासळीचा वास आला,
नुसता मासळीचा.
दहा गाठी घट्ट.
अकरावीला अंगठा जरा कुरकुरला.
बाहेर धुकं होतं, सुतळीही दमट,
आणि आदल्या दिवशी मी मोठं जाळं ओढलं होतं,
असं सगळं एका दमात स्वतःला सांगितलं.
मग दोनदा ओढली.
बसली.